पाणचिऱ्याची नोंद

कोंडीभाऊ, तू मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेलास. ठिकाण: चाकणमधला तुझ्या मुलाचा फ्लॅट, चौथा मजला. कारण: अर्धांगवायूचा दुसरा झटका. दुपारी तुला आण्याला, तुझ्या गावी, आणलं. मी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि माणसं स्मशानातून परत येत होती.

आज बारावा दिवस आहे. दरवर्षी दिवाळीनंतर पक्षी बघत फिरायच्या आपल्या चार दिवसांसाठी टाकलेली माझी रजा काल मंजूर होऊन आली. ती मी अजून रद्द केलेली नाही.

तुझ्याबद्दल चार ओळी आमच्या वर्तमानपत्रात द्याव्यात, असं कुणीतरी सुचवलं. निवृत्त पाटकरी, पक्ष्यांचे अभ्यासक, पश्चात पत्नी, मुलगा, सून. मी ते केलं नाही. अभ्यासक म्हटलेलं तुला आवडलं नसतं. शिवाय त्या चार ओळींत खोटं काहीच नसतं आणि तूही नसतास.

आपली ओळख कालव्यावर झाली. पाण्याच्या पाळीवरून दोन गावांत भांडण लागलं होतं आणि मी बातमीसाठी आलो होतो. कालव्याचं पाणी कुणाला कधी सोडायचं, ते तुझ्या हातात होतं. तू कालव्याच्या दाराच्या चाकाशी उभा होतास, दोन्ही गावं तुला शिव्या देत होती आणि तू माझ्या खांद्यावरून मागे बघत होतास. मी म्हणालो, "तुमची बाजू सांगा." तू म्हणालास, "हळू बोला. मागं धोबी बसलाय. ह्या सालातला पयला." दगडावर एक करडा-पिवळा पक्षी शेपटी हलवत होता. बातमीत तुझी बाजू आली नाही, कारण तू ती दिलीच नाहीस.

सुरुवातीला मी तुला अहो-जाहो करायचो. दुसऱ्या वर्षी तूच ते बंद केलंस. "कोंडीभाऊ, तुम्ही जरा इकडे बघता का, म्हनस्तोवर पाखरू जातंय उडून. बघ, म्हन. येवढंच." तेव्हापासून बघ, ये, थांब, गप एवढ्यावर आपलं चाललं.

आपला मार्ग ठरलेला होता. पहिला दिवस तुझ्या गावचा, आण्याच्या पठारावरचं गवत, चंडोल आणि गवतावर घिरट्या घालणारा भोवत्या. दुसरा दिवस पिंपळगाव जोग्याच्या धरणाचा फुगवटा. तिसरा डिंभ्याचा, आंबेगावात. चौथा आहुप्याला, कड्यावर, गिधाडांची वाट बघत. पाण्यापासून डोंगरापर्यंत. पहिल्या दिवशी संध्याकाळी तुझ्या घरी हौसावहिनींच्या हातची बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ. पठारावर कालव्याचं पाणी चढत नाही. तू आयुष्यभर खालच्या गावांना पाणी सोडलंस आणि वहिनी आयुष्यभर टँकरची वाट बघत राहिल्या. यावर त्या एकच वाक्य बोलायच्या, दरवर्षी, भाकरी वाढताना: "ह्यांच्या हातात पानी, आन् माज्या हातात हंडा."

नोंदीचा नियम माझा होता. त्याचं कारणही मीच होतो. पहिल्या वर्षी डिंभ्याला मी आपल्या वहीत एक गरुड नोंदवला. तू काही बोलला नाहीस. परतीच्या वाटेवर तोच पक्षी मेलेल्या कुत्र्यावर उतरला आणि शेपटीची खाच स्पष्ट दिसली. घार होती. "तुज्या गरुडाला भूक लागली वाटतं," तू म्हणालास. घोडेगावापर्यंत हसत होतास. त्या संध्याकाळी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, की दोघांनी पाहिलं तरच नोंद करायची. आमच्या कामात हीच शिस्त असते. एकट्याच्या सांगण्यावर काही छापायचं नाही. तू ते वाचलंस आणि म्हणालास, "बरं हाय. तुज्या चुका माज्या डोक्यावर." आणि सही केलीस.

पुढची अकरा वर्षं तो नियम कुणालाच जड गेला नाही. माझे वडील गेले त्या वर्षी मी पठारावर नुसता बसून होतो. दुर्बीण गळ्यात होती, डोळ्यांना लावली नाही. तू सकाळपासून दुपारपर्यंत शेजारी बसलास. समोरून भोवत्या दोनदा गेला. संध्याकाळी वही उघडली तेव्हा तू म्हणालास, "आज काय न्हाई लिवायचं. तू बघितलंच न्हाईस." तो दिवस वहीत कोरा आहे. त्या कोऱ्या पानाबद्दल मी तुझे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत.

आता मागच्या वर्षीच्या दुसऱ्या दिवसाबद्दल.

पहाटेचं धुकं निवळल्यावर आपण फुगवट्याच्या काठानं चालत होतो. गाडी पाचशे पावलं मागे, डांबरी रस्त्यावर. डाव्या हाताला ऊस, उजव्या हाताला पाणी, मध्ये बांध. वाटेत बिबट्यासाठी लावलेला पिंजरा लागला होता. आत आमिषाची शेळी होती आणि ती आपल्याकडे बघून ओरडली. "सापडली ती येकटीच," तू म्हणालास. त्यानंतर काही मिनिटांनी बिबट्या उसातून बाहेर आला आणि बांधावर बसला. आपण आणि गाडी यांच्या मधोमध. त्याला घाई नव्हती. आपण पाठ न दाखवता मागे सरकत बाळशीरामच्या मोटरच्या खोलीत शिरलो.

बाळशीराम हा तुझ्या कालव्यावरचा जुना शेतकरी. पाणी उपसायच्या मोटरसाठी त्यानं काठावर ती खोली बांधली होती. आठ बाय सहा. वर पत्रा, भिंतीला स्टार्टरची पेटी, खाली तेलानं काळी झालेली जमीन. पाण्याच्या बाजूच्या भिंतीत केबल आत यायला एक वीट काढलेली. दुसरी खिडकी नाही. पत्र्याच्या दाराला बाहेरून कडी होती, आतून नव्हती. म्हणजे एकानं दाराला पाठ लावून बसायचं आणि दुसऱ्यानं विटेच्या फटीतून बघायचं. आपण पाळी ठरवली, वीस-वीस मिनिटं. घड्याळ माझ्याकडे होतं.

तू बाळशीरामला फोन लावलास. "तुज्या खोलीत अडाकलोय राव. भाईर वाघ बसलाय." तो तेव्हा पाण्याच्या समोरच्या काठावर होता, ट्रॅक्टर घेऊन. म्हणाला, वळसा घालून यायला तास तरी लागेल, दार उघडू नका.

आत उभं राहता येत होतं, आडवं होता येत नव्हतं. बाहेर एकदा काहीतरी घासल्याचा आवाज आला. तो बिबट्या होता की वाऱ्यानं हललेला ऊस, ते ठरवता आलं नाही. तू हळूच म्हणालास, "आमच्या बानं मेंढरं राखली उघड्यावर. वाघुरीच्या जाळीत मेंढरं आन् आमी भाईर. आता बघ. वाघ भाईर, मानसं जाळीत."

सात वाजून चाळीस मिनिटांनी फटीपाशी तू होतास.

"ये! ये, ये, बघ!"

"काय आहे?"

"आरं ये आधी!"

"दार कोण धरणार?"

"जाऊ दे दार!"

मी दार सोडलं नाही. तू येऊन पाठ लावलीस, मग मी उठलो. फटीला डोळा लावला तेव्हा समोर पाणी होतं, पलीकडचा काठ होता, चांदव्यांचा एक थवा होता. बाकी काही नव्हतं.

तू जे पाहिलंस ते तू एका दमात सांगितलंस. वरून काळा, खालून पांढरा, सुरय पक्ष्याएवढा पण पंख लांब, चोच केशरी-लाल. खालची चोच पाण्यात बुडवून, पाण्यावर रेघ ओढत गेला. मी पुस्तक काढलं. तू पान उलटायच्या आधीच बोट ठेवलंस. पाणचिरा. आपल्या बारा वर्षांत एकदाही न दिसलेला. आपल्या भागात तो क्वचितच येतो.

"लिव," तू म्हणालास.

"मी पाहिला नाही."

"म्या खोटं बोलतोय का?"

"खोटं नाही. पण नोंद नाही."

"आरं, रेघ तरी दिसली आसंल पान्यावर."

"पाण्यावर रेघ राहत नाही, कोंडीभाऊ."

"म्हंजी तुला आता पान्याचा पंचनामा पायजे." मग जे बोललास ते मी जसंच्या तसं देतो. "पुढारी येकटा बोलतो ते छापतोस. सायब येकटा बोलतो ते छापतोस. कोंड्या बोलला की दोन साक्षीदार?"

मी नियम पुन्हा सांगितला.

त्यानंतर एक तास आपण त्या खोलीत फक्त पाळी बदलत राहिलो. तू फटीशी गेलास की बाहेर बघायचास. मी गेलो की मीही बघायचो. तो पक्षी परत आला नाही.

बाळशीराम ट्रॅक्टरचा भोंगा वाजवत, फटाके लावत आला. बिबट्या उसात गेला. दार उघडलं. त्यानंतर मी माझं काम केलं. बाळशीरामला दहा मिनिटं प्रश्न विचारले. बिबट्या किती दिवसांपासून दिसतो, पिल्लं आहेत का, कुत्री किती गेली, पिंजरा कधी लावला. त्यानं सगळ्याची उत्तरं दिली. मी तिथूनच फोनवर बातमी पाठवली. ती दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर आली. वहीतही नोंद केली: बिबट्या, एक, दोघांनी पाहिला. निघताना बाळशीरामनं तुला विचारलं, "पाखरांचं काय घावलं का न्हाई आज?" तू म्हणालास, "काय न्हाई." मला ऐकू यावं अशा आवाजात म्हणालास.

डिंभ्याला तू गाडीतून उतरला नाहीस.

आहुप्याला कड्यावर धुकं होतं. तीन तास काही दिसलं नाही, खाली कोकण आहे हेही कळत नव्हतं. एकदा ते फाटलं तेव्हा गिधाड आपल्या पायाखालून गेलं आणि दोघांनीही ते पाहिलं. तू दुर्बीण डाव्या हातात धरली होतीस. बारा वर्षांत मी तुला ती डाव्या हातात धरताना पाहिलं नव्हतं. उजवा हात तू मांडीवर ठेवला होतास, आणि मध्येच त्याची बोटं दुसऱ्या हातानं चोळत होतास. ही माझी नोंद आहे. मी पाहिलं आणि विचारलं नाही. मला वाटलं, अजून रागावला आहेस.

खाली उतरताना तू म्हणालास, "पुढच्या साली त्याच खोलीत बसू. दार म्या धरतो, तू बघ."

मी म्हणालो, "बघू."

पौषात पहिला झटका आला. मुलानं तुला चाकणला नेलं. डॉक्टर जवळ, औषध जवळ, लिफ्ट. त्यात चूक काहीच नव्हतं. मी दोनदा आलो. पहिल्या वेळी वहिनींनी दार उघडलं आणि माझ्या हातातल्या वहीकडे बघून म्हणाल्या, "आनली का? रोज हातानं करून दाखवत्यात, अशी चौकोनी, अशी चौकोनी. मी म्हनलं गीता पायजे का, तर मान हलवत्यात." तुझ्याकडे तेव्हा दोन शब्द उरले होते, व्हय आणि न्हाई. कधीकधी त्यांची अदलाबदल व्हायची आणि तू स्वतःवरच चिडायचास.

पलंगाशेजारी फिरतं टेबल होतं. त्यावर पेल्यातलं पाणी सांडलं होतं. तू डाव्या हाताचं बोट त्या पाण्यात टेकवलंस आणि टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ नेलंस. मग माझ्याकडे पाहिलंस.

मला समजलं होतं. न समजल्याचं नाटक करावं असा विचार आला, पण ते केलं नाही. मी म्हणालो, "नियम आपण दोघांनी केला होता, कोंडीभाऊ." तू म्हणालास, "व्हय." त्या वेळी तुला न्हाई म्हणायचं होतं की व्हय, ते मला अजून माहीत नाही. तू तोंड खिडकीकडे केलंस. खिडकीला कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळी होती. जाळीपलीकडे समोरच्या इमारतीची जाळी होती.

लिहिता आलं असतं. एक ओळ. माझ्याखेरीज ती वही कुणी वाचत नाही. पुढचे कित्येक आठवडे मी हे स्वतःला सांगितलं आणि प्रत्येक वेळी पेन खाली ठेवलं. खोट्या नोंदीनं तुझं समाधान झालं असतं की अपमान, हे ठरेना. तू दयेची नोंद मागत नव्हतास. तू पाहिला होतास. मी त्या पानावरून पुढे जाऊ शकत नव्हतो आणि मागेही. दुसऱ्या वेळी आलो तेव्हा वही आणली नाही. तू माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलंस.

परवा ओझरला, कुकडीच्या घाटावर, तुझा दहावा झाला. पिंड ठेवला आणि लोक मागे सरकायच्या आत कावळा शिवला. एवढ्या लवकर शिवलेला मी पाहिला नव्हता. सगळे समाधानानं हलले. वहिनी म्हणाल्या, "मागं कायबी ठिवलं न्हाई बघा त्यांनी. कसलीच इच्छा न्हाई." माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी मान हलवली. मला उलट माहिती होती.

जेवणाच्या पंगतीत बाळशीराम माझ्या शेजारी बसला. तुझ्याबद्दल बोलत होता. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचेपर्यंत तू दारावरून हलत नव्हतास, वगैरे. मग म्हणाला, "त्या दिसाचं आठवतंय का, खोलीतलं? त्या दिशी तर म्या भलतंच पाखरू बघितलं व्हतं. कोंडीभाऊला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

मी हातातला घास खाली ठेवला. पक्ष्याचं नाव मी घेतलं नाही. पुस्तक दाखवलं नाही. त्यानं जे सांगितलं त्यात माझा एकही शब्द नाही.

"कुठे होतात तुम्ही?"

"समोरच्या अंगाला. तुमचा फोन आला, ट्रॅक्टर चालू केला, तवाच."

"कसा होता?"

"काळा. पोट पांढरं. चोच लाल, भडक न्हाई, गाजरावानी. आन् खालची चोच पान्यात घालून, नांगराचा फाळ जातो ना, तसा गेला पार ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. मागं रेघ."

"कुठून कुठे?"

"माज्या खोलीपुढनं."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

बाळशीरामनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. "भाऊ, तुमी कुठं इचारलं? तुमी वाघाचंच इचारलं. आन् कोंडीभाऊला म्या इचारलं काय घावलं का, तर त्यो म्हनला काय न्हाई. मग म्या म्हनलं, आपलं आडान्याचं काय सांगायचं."

एकट्याच्या सांगण्यावर छापायचं नाही, याचा अर्थ वार्ताहरानं स्वतः पाहायचं असा कधीच नव्हता. दुसऱ्याला विचारायचं, असा होता. दुसरा माझ्यासमोर दहा मिनिटं उभा होता. तीस वर्षं मी हे काम करतो.

वाढपी म्हणाला, "पावणं, बुंदी घ्या की." मी घेतली.

जेवणानंतर बाळशीरामबरोबर फुगवट्याच्या समोरच्या काठावर गेलो. ट्रॅक्टर उभा होता ती जागा त्यानं दाखवली. तिथून मोटरची खोली आणि तिच्यापुढचं पाणी उघड दिसतं. मध्ये झाड नाही. हे दुर्बिणीतून आणि दुर्बिणीशिवाय, दोन्ही प्रकारे तपासलं.

मागच्या वर्षीच्या पानावर, बिबट्याच्या खाली, नोंद केली आहे: सकाळी ७.४०. पाणचिरा, एक. पिंपळगाव जोगे फुगवटा. पाहणारे: कोंडीभाऊ, बाळशीराम.

तिथून वळसा घालून आम्ही खोलीपाशी आलो. बाळशीराम म्हणाला की पौषाच्या आधी तुझा त्याला फोन आला होता. "म्हनला, पुढच्या साली दोघं येनार हाये, तेवढं काम करून ठिव."

दाराला आतून कडी बसवलेली आहे. पाण्याच्या बाजूच्या भिंतीतली दुसरी वीट काढलेली आहे. दोन्ही फटींमध्ये दीड हाताचं अंतर आहे.